परिचर्येतील पक्षसमर्थन

रुग्णाच्या किंवा एखाद्या समाजगटाच्या आरोग्याआड येणाऱ्या अन्यायाविरुद्ध परिचारिकेने व्यवसायाच्या अधिकाराने केलेली कृती. खाटेजवळ ती एका रुग्णापुरती असते: संमतीशिवाय होणारी तपासणी थांबवणे, औषधाच्या चुकीच्या मात्रेला हरकत घेणे. वॉर्डाबाहेर तीच कृती कायदा, मनुष्यबळ, कैद्यांची शुश्रूषा यांसाठीचा लढा होते. दोहोंना एकच संज्ञा लावावी का, याबद्दल मतभेद आहेत. येथे व्यापक अर्थ घेतला आहे.

उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिले मत ही परंपरा फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्यापासून मोजते. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक दगावले, हे त्यांनी १८५८ मध्ये वर्तुळाकार आलेखांतून मांडले. मात्र त्या काम करत असलेल्या स्कुटारी (आजच्या इस्तंबूलमधील) येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयातील मृत्युमान झपाट्याने उतरले ते मार्च १८५५ मध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे व वायुवीजन सुधारल्यावर. त्यात शुश्रूषेचा वाटा किती, यावर इतिहासकारांचे एकमत नाही; खुद्द नाइटिंगेल यांना स्वच्छतेचे पुरते महत्त्व युद्धानंतर आकडे तपासताना उमगले, असेही प्रतिपादन केले जाते. त्यांच्या नावाची शपथही त्यांची नव्हे. ती १८९३ मध्ये डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने रचली. रुग्णाच्या हिताला वाहून घेणे आणि डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करणे ही दोन्ही वचने तीत शेजारी-शेजारी आहेत. ती परस्परविरोधी ठरली तर काय करायचे, हे शपथ सांगत नाही.

दुसरे मत न्यूयॉर्कच्या लिलियन वॉल्ड यांना मान देते. १८९३ पासून त्या स्थलांतरितांच्या वस्तीत राहून घरोघर शुश्रूषा करू लागल्या. त्यातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही वस्तीतील सेवासंस्था उभी राहिली. त्या काळी शाळांचे वैद्यकीय तपासनीस खुपऱ्या, गजकर्ण, उवा दिसलेल्या मुलांना घरी धाडत. घरी उपचार होत नसत, त्यामुळे मूल आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राही. ऑक्टोबर १९०२ मध्ये याच संस्थेतील परिचारिका लिना रॉजर्स यांना महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळांवर नेमण्यात आले. किरकोळ दुखण्यांवर त्या शाळेतच उपचार करत आणि बाकी मुलांच्या घरी जाऊन आईला औषध कसे लावायचे ते दाखवत. वर्षभरात घरी धाडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे एक-दशांशावर आली आणि शाळा-परिचारिका ही कायमची योजना झाली. शुश्रूषा, मोजदाद आणि सरकारी धोरण हे तिन्ही एकाच कामात येथे एकत्र येतात, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते.

संकल्पना म्हणून पक्षसमर्थनाला आकार आला तो मात्र १९७० नंतर. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या (स्थापना १८९९) १९५३ च्या नीतिसंहितेत डॉक्टरांचे आदेश समजून-उमजून व निष्ठेने पाळण्याचे बंधन होते. अनैतिक कृतीत भाग न घेण्याचे कलमही त्याला जोडलेले होते. १९७३ च्या संहितेतून आदेशपालन गेले आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी शुश्रूषेची गरज असणाऱ्या माणसांप्रती ठरली. अमेरिकी परिचारिका-अभ्यासक लीआ कर्टिन (१९७९) यांनी पक्षसमर्थनाचा पाया समान माणूसपणात शोधला. सॅली गॅडो (१९८०) यांच्या मते परिचारिकेने रुग्णाच्या वतीने निर्णय घ्यायचा नसून, आजाराचा अर्थ लावून स्वतःचा निर्णय घ्यायला त्याला साथ द्यायची असते. योग्य काय ते ठाऊक असूनही संस्थेच्या अडसरामुळे ते करता न येणे, याला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ म्हटले. न्यूझीलंडमध्ये माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी मांडलेली ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ १९९२ मध्ये परिचर्येच्या अभ्यासक्रमात आली; शुश्रूषा सुरक्षित होती की नाही, हे तीत ती घेणारा ठरवतो.

आज्ञाधारकपणाची किंमत दाखवणारी उदाहरणे नोंदली गेली आहेत. नाझी जर्मनीतील मेझेरिट्झ-ओब्रावाल्डे मनोरुग्णालयात रुग्णांना जादा मात्रेत औषधे देऊन मारण्यात सहभागी असल्याचा आरोप असलेल्या १४ परिचारिका म्युनिकच्या खटल्यात (१९६५) निर्दोष सुटल्या. आदेश पाळले, हा त्यांच्या बचावाचा गाभा होता. याउलट २०१४ मध्ये अमेरिकेच्या ग्वांतानामो या लष्करी तुरुंगात उपोषण करणाऱ्या कैद्यांना नळीने बळजबरीने अन्न देण्यास एका अमेरिकी नौदल परिचारकाने नकार दिला. त्याच्यावरील कारवाई पुढे मागे घेण्यात आली.

व्यवहारात हरकतीला क्रम असतो. आधी संबंधित डॉक्टरांना काय दिसले, केव्हापासून, आणि काय हवे, हे दोन-तीन वाक्यांत सांगायचे. उत्तर समाधानकारक नसेल तर पाळीच्या प्रमुख सिस्टर, मग मेट्रन, मग वैद्यकीय अधीक्षक. प्रत्येक पायरीची वेळ लिहून ठेवायची. केसपेपरवर मत नको, घटना हवी. ‘रुग्णावर जबरदस्ती झाली’ ही नोंद टिकत नाही. ‘१४.१० वाजता रुग्ण म्हणाला, “मला हे ऑपरेशन नको.” १४.१५ ला डॉक्टरांना फोनवर कळवले’ ही टिकते. चुकलेला शब्द गिरवून झाकायचा नाही. त्यावर एकच रेघ मारून सही करायची. मागाहून लिहिलेली नोंद ‘उशिरा नोंद’ म्हणूनच करायची. कोठडीतून आलेल्या रुग्णाच्या जखमेचा आकार सेंटिमीटरमध्ये, रंग शब्दांत आणि जागा शरीराकृतीवर दाखवतात. खुणा रुग्णाच्या हकिगतीशी कितपत जुळतात, हे तपासणाऱ्याने ठरावीक श्रेणींत सांगावे, अशी इस्तंबूल प्रोटोकॉल (१९९९) या छळाच्या तपासणी-नोंदींसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची अपेक्षा आहे.

प्रकरण फसते ते बहुधा तीन ठिकाणी. केसपेपरचा फोटो मोबाइलवर काढून पुढे पाठवला की गोपनीयतेचा भंग होतो आणि चौकशी तक्रार करणारीवरच उलटते. मधल्या पायऱ्या गाळून थेट वर्तमानपत्राकडे गेल्यास, संस्थेला संधीच दिली नाही, असा बचाव संस्थेच्या हाती येतो. तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे: रुग्णाला न विचारताच त्याच्या वतीने बोलणे.

सामूहिक लढ्यांत मनुष्यबळाचे प्रमाण हा मुख्य मुद्दा राहिला आहे. पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या अभ्यासात (२००२) लिंडा एकेन व सहकाऱ्यांना आढळले, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांबाबत दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. परिचारिकेमागे रुग्ण किती असावेत हे ठरवणारा कॅलिफोर्नियाचा १९९९ चा कायदा २००४ पासून अमलात आला. सर्वसाधारण वॉर्डात आधी एकीमागे सहा, २००५ पासून पाच आणि अतिदक्षता विभागात दोन रुग्ण ही कमाल मर्यादा ठरली. ती पाळीच्या प्रत्येक क्षणी लागू असते, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतही बदली परिचारिका द्यावी लागते. अंमलबजावणीत या कलमावर तंटे झाले.