ग्लॉस रोल, मॅट रोल आणि गोंदाची बाजू

लॅमिनेशन मशीनचा रोल बदलायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. गेल्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, याच कामात आमच्या नवी पेठेतल्या दुकानाचा अख्खा दिवस गेला. कामावरच्या मुलाचा हात ग्लॉसवर, म्हणजे चकचकीत फिल्मवर बसलेला. त्याने त्याच सवयीने मॅटचा, म्हणजे बिनचमकीचा रोल चढवला आणि फिल्म कागद सोडून गरम रोलरलाच गुंडाळली गेली. पोरानं मन लावूनच काम केलं होतं, दोन्हींतला फरक मी त्याला सांगायला हवा होता.

दोन्ही फिल्मची घडण एकच. एका अंगाला प्लास्टिक, म्हणजे बीओपीपी किंवा पॉलिएस्टर, आणि दुसऱ्या अंगाला ईव्हीए नावाचा गोंद. हा गोंद थंड असताना हाताला चिकटत नाही, उष्णतेने वितळला की कागद धरतो. म्हणून नियमही एकच: प्लास्टिकची बाजू रोलरकडे, गोंदाची कागदाकडे. वर-खाली दोन रोल असतील, तर दोन्ही फिल्मचे गोंद समोरासमोर यायला हवेत.

ग्लॉसमध्ये गोंद नजरेला कळतो. चकचकीत बाजू प्लास्टिकची, धुरकट बाजू गोंदाची. वितळल्यावर तो धुरकटपणा जातो आणि छपाई आरशासारखी उजळते.

मॅटमध्ये नजर फसते. तिथे प्लास्टिकची बाजूच मुद्दाम निस्तेज केलेली असते, म्हणजे ट्यूबलाइटची तिरीप मजकुरावर येत नाही. गोंदाची बाजूही धुरकटच. रोल उजेडात कितीही फिरवा, खात्री होत नाही. गुंडाळीवरून अंदाज बांधू नका, कारण काही रोलांत गोंद आत असतो, काहींत बाहेर.

खात्रीचा उपाय इस्त्रीचा. फिल्मची बोटभर पट्टी कापा, मधोमध दुमडा, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि वरून मध्यम गरम इस्त्री दाबा. पट्टीच्या दोन्ही घड्या एकमेकींना चिकटल्या तर गोंद घडीच्या आत होता, कागदांना चिकटल्या तर बाहेर. मग गोंद नसलेल्या बाजूवर, रोलच्या सुरुवातीलाच, मार्करने फुली मारा. मी आता ग्लॉसचा रोल आला तरी ही फुली मारतो.

ताणाच्या बाबतीत मात्र ग्लॉस-मॅट असा भेद नाही. यंत्रमागावर काम केलेल्या सोलापूरकराला हे लगेच उमगेल: बीमचा, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळाचा ताण बिघडला की कापड बिघडतं, तसंच इथे. फिल्म ढिली असेल तर सुरकुत्या पडतात, वरचा-खालचा ताण कमीजास्त असेल तर कागद एका बाजूला वळतो. म्हणून वरचा-खालचा रोल एकदमच बदलावा. एक भरलेला आणि एक संपत आलेला असला की ताण जुळवताना फार दमछाक होते. वर ग्लॉस, खाली मॅट अशी जोडीही शक्यतो टाळा.

आणि फिल्म रोलरला गुंडाळलीच, तर मशीन लगेच थांबवा, प्लग काढा. रोलर हात लावण्याइतका कोमट झाला की गोंद जाड सुती कापडाने चोळून काढा. पूर्ण गार झाल्यावर तो घट्ट बसतो. घाईत ब्लेड लावू नका. रोलरच्या सिलिकॉन रबरावर चीर गेली, तर तिची रेघ पुढच्या प्रत्येक कागदावर उमटते आणि रोलरच बदलावा लागतो.