"बॉक्स चालूच होईना" म्हणून फोन करायच्या आधी: स्टार्टअप स्क्रिप्टबद्दल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपपासून चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांपर्यंत, ज्यांच्याकडे आमचा गेटवे बॉक्स (मशीन-मीटरचा डेटा घेणारा छोटा कॉम्प्युटर) बसलाय त्यांच्यासाठी हा कागद. बॉक्सवर स्वतःचा प्रोग्राम टाकायला आम्ही कुणाला अडवत नाही, रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) पासवर्ड बॉक्ससोबतच देतो, मशीन तुमचं तर डेटापण तुमचाच. पण होतं काय, प्रोग्राम महिनाभर बसून नीट लिहिलेला असतो आणि तो बूटला, म्हणजे बॉक्स सुरू होताना, चालू करणारी चार ओळींची स्क्रिप्ट शेवटच्या दिवशी घाईत होते, मग फोन येतो की बॉक्स गेला, बदलून द्या.

बहुतेक वेळा बॉक्स गेलेला नसतो. खूण सांगतो: पिंग लागतं (नेटवर्कवर बॉक्स उत्तर देतो), एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) होत नाही, आणि सिरीयल केबल लावली तरी लॉगिन येत नाही. असं दिसलं की समजा बोर्ड ठीक आहे, पॉवर सप्लाय ठीक आहे, तुमची स्क्रिप्ट अडकलीय.

कसं ते बघा. बॉक्सात बिल्डरूट ह्या टूलनं बांधलेलं लिनक्स आणि बिझीबॉक्सचं इनिट (बाकी सगळं चालू करणारा पहिला प्रोग्राम) आहे. ते आरसीएस नावाची स्क्रिप्ट चालवतं, आणि आरसीएस इनिट-डी फोल्डरातल्या एस४०, एस५० अशा नावांच्या फाईली क्रमानं चालवते, एक संपली की मगच पुढची. ४० ला नेटवर्क, ५० ला एसएसएच. तुम्ही मध्येच ४५ नंबर घेऊन लॉगर (रीडिंग नोंदवणारा तुमचा प्रोग्राम) सरळ चालवला, आणि लॉगर तर कधी संपणारच नाही, तो मीटर वाचत बसणार, म्हणजे आरसीएस तिथंच उभी. नेटवर्क आधी झालंय म्हणून पिंग लागतं, एसएसएचची पाळीच येत नाही, आणि लॉगिन दाखवणारं गेटी तर हे सगळं संपल्यावर येतं.

म्हणून प्रोग्राम बॅकग्राउंडला पाठवा. नुसतं ओळीच्या शेवटी अँपरसँड (&) लावलं तरी बूट पुढं जातो, पण पीआयडी (प्रोसेसचा नंबर) लिहिलेली फाईल नसली की स्टॉप करताना कुठला प्रोसेस मारायचा ते स्क्रिप्टला कळत नाही. स्टार्ट-स्टॉप-डीमन ही कमांड वापरा, बॅकग्राउंडचं आणि पीआयडी फाईल बनवायचं असे दोन्ही ऑप्शन लावून. प्रोग्राम स्वतःच डीमन होत असेल, म्हणजे स्वतःहून बॅकग्राउंडला जात असेल, तर मात्र हे दोन्ही लावू नका, पीआयडी चुकीचा पडतो. बॅकग्राउंडला गेल्यावर स्क्रीनवरचा प्रिंट कुठंच दिसत नाही, तेव्हा सिसलॉगला (सिस्टमच्या नोंदवहीत) लिहा. आणि नंबर ९० च्या पुढचाच घ्या, म्हणजे उद्या काही अडकलं तरी एसएसएच आधीच चालू झालेलं असेल आणि तुम्ही ऑफिसात बसून दुरुस्त कराल. प्रत्येक बॉक्सात नमुना स्क्रिप्ट ठेवलेली आहे, तीच कॉपी करून नाव-पाथ बदला, कोऱ्या फाईलपासून सुरू करू नका.

दुसरा नेहमीचा प्रश्न: हातानं चालवलं की चालतं, बूटला का नाही? लॉगिन केल्यावर प्रोफाईल (युजरच्या सेटिंगची फाईल) वाचलेलं असतं, बूटला नसतं, प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी (पाथ) छोटी असते आणि चालू फोल्डर सगळ्यात वरचा (/) असतो. सगळीकडे फाईलचा पूर्ण पत्ता (पूर्ण पाथ) द्या. विंडोजच्या नोटपॅडमधून फाईल आणली असेल तर ओळीच्या शेवटी जादा कॅरेक्टर येतं आणि फाईल समोर असूनही 'नॉट फाउंड' म्हणतं, ती डॉस-टू-युनिक्स ह्या कमांडनं साफ करा. फाईलला एक्झिक्युटची (चालवायची) परमिशन आहे का बघा.

जुन्या फाईलची कॉपी त्याच फोल्डरात ठेवू नका. एस९०लॉगर.ओल्ड असं नाव दिलं तरी ते एसनंच सुरू होतं, म्हणून तीपण चालते, मग दोन लॉगर एकाच पोर्टवर आणि रीडिंगचा गोंधळ.

लाईट जाऊन आल्यावर मीटर जोडायचा यूएसबीचा आरएस-४८५ कन्व्हर्टर कधी कधी उशिरा दिसतो. त्याची वाट बघायचा लूप प्रोग्राममध्ये टाका, स्क्रिप्टमध्ये टाकलात तर परत तेच, बूट अडकला.

प्रोग्राम मेला तर आपोआप उठायला पाहिजे असेल तर इनिटटॅबमध्ये (इनिटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) रिस्पॉनची (परत चालू करायची) ओळ घाला. इथं नियम बरोबर उलटा, प्रोग्राम फोरग्राउंडलाच राहिला पाहिजे, नाहीतर इनिटला वाटतं तो संपला आणि ते सारखं नवीन चालू करत राहतं.

ह्या इनिटऐवजी सिस्टमडी (मोठ्या लिनक्सवर हेच काम करणारा प्रोग्राम) का नाही दिलं असं बरेचजण विचारतात. सिस्टमडी चांगलंच आहे, मोठ्या मॉडेलवर आम्ही तेपण देतो. ह्या बॉक्सात फ्लॅश आणि रॅम कमी, शिवाय इथं सगळ्या स्क्रिप्ट साध्या टेक्स्टमध्ये समोर दिसतात, अडकलेलं शोधायला सोपं जातं. किंमत पण म्हणूनच आवाक्यात आहे.

अडकलेला बॉक्स सोडवायला परत फ्लॅश मारावा लागत नाही. यू-बूटला (लिनक्सच्या आधी चालणारा प्रोग्राम) थांबवून कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) इनिट म्हणून शेल (कमांड टाईप करायचा प्रोग्राम) द्यायचं, रूट फाईलसिस्टम रीड-राईट (लिहिता येईल अशी) माउंट करायची आणि स्क्रिप्टच्या नावाच्या सुरुवातीला, एसच्या आधी, एक्स लावायचा, मग ती आरसीएसला दिसतच नाही. जमत नसेल तर बॉक्स आणून द्या, तुमच्यासमोर सिरीयल लावून दाखवतो. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) असेल तर त्याचे पैसे नाहीत. नसेल तर तपासणीचा चार्ज पडतो, पण चांगला बोर्ड उगाच बदलून घेण्यात तुमचाही फायदा नाही.

त्यापेक्षा स्क्रिप्ट टाकायच्या आधी व्हॉट्सॲपवर पाठवा, आम्ही बघून सांगतो, मराठीत किंवा कन्नडमध्ये, ज्यात सोयीचं पडेल त्यात. फक्त फाईलच पाठवा, स्क्रीनचा फोटो नको, फोटोत ओळीच्या शेवटचं कॅरेक्टर दिसत नाही.