आउटबोर्ड मोटरबोटीतील मापके व इशारा-भोंगा

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून बसवलेल्या इंजिनाची स्थिती चालकाला कळावी म्हणून सुकाणूजवळ लावलेले काटे, दिवे व भोंगा.

अशा इंजिनाचा जनक कोण, यावर एकमत नाही. ग्यूस्ताव त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्ये पॅरिस येथे सेन नदीत सुकाणूसह काढता येणारी विजेची मोटर चालवली. पेट्रोलवरची काही इंजिने अमेरिकेत १८९६ च्या सुमारास निघाली. कॅमेरॉन वॉटरमन यांचे इंजिन साधारण १९०५ चे, ओले एव्हिन्रूड यांचे १९०९ च्या आसपासचे. एव्हिन्रूड यांना जनक म्हणण्याचा प्रघात असला, तरी त्यांच्याकडे प्रसाराचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते.

या इंजिनाला रेडिएटर नसतो. पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचे चक्र) तलावाचेच पाणी ओढून, इंजिन थंड राहावे म्हणून, त्यात फिरवतो. त्यातली एक बारीक धार मागे दिसेल अशी सोडलेली असते. नागपूरच्या अंबाझरीसारख्या जलपर्णी माजणाऱ्या तलावात किंवा उन्हाळ्यात उथळ काठाशी पाणी आत घेण्याच्या तोंडावरची जाळी तुंबते. तेव्हा जलदाबाचा काटा आधी पडतो, तापमानाचा मागाहून चढतो. म्हणून दोन्ही मापके असणे श्रेयस्कर. केवळ धारेवर विसंबू नये : छिद्रात गाळ बसला तर पंप चालू असूनही धार थांबते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात नागपूरच्या वस्त्यांतून माणसे बोटींनी काढावी लागली. शहरी पुराच्या पाण्यात प्लास्टिक व चिंध्यांनी हीच जाळी बुजण्याचा धोका असतो.

फेरेमापक व इंधनमापक परिचित आहेत. व्होल्टमापक चालू इंजिनावर साधारण १३.५ ते १४.५ दाखवतो, १२.५ खाली राहिल्यास चार्जिंग होत नाही असे समजावे.

चावी फिरवताच बहुतेक इंजिनांचा भोंगा क्षणभर वाजतो; न वाजल्यास आधी भोंगाच तपासावा. सलग आवाज बहुधा अतितापाचा किंवा चार-स्ट्रोक इंजिनात तेलाचा दाब घटल्याचा, तुटक आवाजाचे अर्थ (तेल कमी, इंधनात पाणी इ.) कंपनीगणिक बदलतात. अनेक इंजिने अशा वेळी आपोआप फेरे उतरवतात. ती बिघाडाची नव्हे, बचावाची क्रिया होय. तेलदाबाचा इशारा असल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. अतितापाचा असल्यास थ्रॉटल उतरवून न्यूट्रलमध्ये धार पाहावी. ती नसल्यास इंजिन बंद करून वर उचलावे व जाळी साफ करावी. त्यानंतरही धार न आल्यास इम्पेलर झिजल्याची शक्यता असते, आणि बोट वल्ह्यांनी काठाला आणावी लागते.