आयात शुल्क आणि कोकण किनारा

परदेशातून देशात येणाऱ्या मालावर केंद्र सरकार जो कर घेते तो आयात शुल्क. त्याची आकारणी सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ यांनुसार होते. दर वाढला की माल बंदरातच महाग होतो. मग तो वाढीव पैसा कोणी किती सोसायचा यावरून आयातदार, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात ओढाताण सुरू होते. ही ओढाताण कोकणात जवळून पाहता येते. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असलेले न्हावा शेवा उरण तालुक्यात आहे, काजू-सुपारीचे बागायतदार दक्षिणेकडे आहेत आणि आफ्रिकेतून आलेली काजू बी फोडणारे कारखानेही त्यांच्याच शेजारी आहेत. शुल्कवाढीचा फायदा होणारा आणि तिचा भुर्दंड भरणारा एकाच वाडीत सापडतो.

पूर्वपीठिका

बाहेरच्या मालावर जबर जकात बसवून आपले उत्पादन वाचवावे, हा विचार या किनाऱ्याला नवा नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी डिसेंबर १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेले मिठाविषयीचे पत्र प्रसिद्ध आहे. गोव्यातल्या, पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त होते. घाटावर मीठ नेणारे व्यापारी तिकडे वळले असते, तर संगमेश्वराकडच्या मिठाला उठाव राहिला नसता. म्हणून बारदेशी मिठावर अशी जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठाच्या तुलनेत महाग पडावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. उदीम तिकडे गेला तर आपल्या बंदरांचे काय, ही चिंताही तीत आहे. संरक्षक शुल्काची बाजू इतक्या थोडक्यात क्वचितच मांडली गेली असेल. घाटावर मीठ विकत घेणाऱ्याला त्यानंतर काय भाव पडला, ते मात्र पत्रात नाही. आजच्या अधिसूचनांतही ते नसते.

स्वातंत्र्यानंतर शुल्काच्या भिंती उंच होत गेल्या. १९९१ पूर्वी काही वस्तूंवरचा दर ३०० टक्क्यांच्याही वर होता आणि १९६८ ते १९९० या काळात सुवर्ण नियंत्रण कायदा लागू होता. या दोहोंमुळे सोने, चांदी, घड्याळे आणि परदेशी कापड रात्री किनाऱ्यावर उतरवण्याचा धंदा फोफावला. कोकणात त्याला ‘लँडिंग’ म्हणत. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगड जिल्ह्यात शेखाडीला उतरली, ती तस्करांच्या याच जुन्या वाटेने. उदारीकरणानंतर दर उतरत गेले आणि २००७ मध्ये बिगरशेती मालाचा कमाल दर सर्वसाधारणपणे १० टक्क्यांवर आला. गेल्या दहा-बारा वर्षांत, विशेषतः २०१८ पासून, अनेक वस्तूंवर ते पुन्हा चढले. जागतिक व्यापार संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये भारताचा सरासरी दर १७ टक्के होता, शेतमालाचा ३९ टक्के.

आकारणी आणि दुकानापर्यंतचा प्रवास

शुल्क एक नसते, त्याचे थर असतात. सप्टेंबर २०२४ मधली खाद्यतेलावरची वाढ घेतली तर हिशेब स्पष्ट होतो. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क १४ सप्टेंबरला शून्यावरून २० टक्के झाले. त्यावर ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींच्या बेरजेवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी अडीच टक्के. एकूण भार ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेला. रिफाइंड तेलावरचा १३.७५ वरून ३५.७५ टक्के झाला. यावर वस्तू व सेवा कर वेगळा. त्याची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला पुढे मिळते, पण सीमाशुल्काची मिळत नाही. ते खरेदी किमतीत मुरते आणि प्रत्येक टप्प्यावरचा नफा त्या फुगलेल्या किमतीवर धरला जातो.

ही वाढ आली ती गणपतीच्या दिवसांत. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. चाकरमानी गावी आलेले, घरोघरी तळण चाललेले, आणि कणकवली-लांज्यासारख्या बाजारपेठांतल्या दुकानदारांनी तेलाचे डबे आधीच भरून ठेवलेले. कमी शुल्काचा साठा संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नका, असे केंद्राने तेल कंपन्यांच्या संघटनांना लगोलग सांगितले. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे कायद्याने गुन्हाच आहे, त्यामुळे जुन्या पिशव्या जुन्याच भावाने विकणे भाग होते. वरवर पाहता दुकानदाराचे यात काही बिघडत नाही. पण पुढची खेप कोल्हापूर, बेळगाव किंवा वाशीहून नव्या दराने येते आणि विकलेल्या दहा डब्यांच्या पैशात दहा डबे परत येत नाहीत. फरक खिशातून किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीतून भागवावा लागतो. किराणा दुकानात तेलावरचा नफा मुळातच थोडा असतो. गिऱ्हाईक तेलासाठी येते आणि सोबत बाकीचे सामान नेते. त्यामुळे तेलाचा भाव शेजाऱ्यापेक्षा आधी वाढवायला कोणी धजत नाही.

उलट दिशेनेही नुकसान होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर, म्हणजे एकूण भार १६.५ टक्क्यांवर आला. ज्याच्याकडे चढ्या भावाचा साठा होता, त्याला तो उतरत्या बाजारात काढावा लागला. सराफांना याचा अनुभव मोठा आला. सोन्यावरचे शुल्क जुलै २०२२ मध्ये १५ टक्के झाले होते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते एका दिवसात ६ टक्क्यांवर आले. दुकानातल्या सोन्याची किंमत त्या प्रमाणात रातोरात घटली. गिऱ्हाईक खूश झाले आणि पेढीत गर्दी झाली, पण आधीचा माल विकून झालेला तोटा गर्दीने भरून निघायला वेळ लागतो.

तेलाच्या बाबतीत कोकणाची आणखी एक अडचण आहे. भारत गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि वनस्पती तेलांचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. २०२४ ची वाढ सोयाबीनचे भाव सावरण्यासाठी होती. सोयाबीन पिकते विदर्भ-मराठवाड्यात, मध्य प्रदेशात. कोकणात ते नगण्य. म्हणजे या शुल्कात कोकणाच्या वाट्याला निव्वळ गिऱ्हाइकाची बाजू आली.

काजू

काजूत मात्र कोकण दोन्ही बाजूंना आहे. पोर्तुगिजांनी आणलेले हे झाड आज सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती दिल्या आणि वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. बी साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत येते. गावोगावच्या छोट्या कारखान्यांत ती वाफवतात, कटरवर फोडतात, गर भट्टीत सुकवून साल काढतात आणि मग प्रतवारी करतात: अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. यातले फोडण्या-सोलण्याचे बरेचसे काम बायका करतात. अख्ख्या गरातही एका पौंडात किती दाणे बसतात त्यावरून १८०, २४०, ३२० असे नंबर पडतात.

स्थानिक बी वर्षभर पुरत नाही. हंगामात सगळी बी एकदम घेऊन ठेवण्याइतके भांडवलही बहुतेकांकडे नसते. देशातल्या काजू उद्योगाची भूक आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया येथून येणाऱ्या बीवर भागते. पश्चिम आफ्रिकेचा हंगाम कोकणाच्याच महिन्यांत असतो, आणि बागायतदाराचे दुखणे नेमके तेच आहे. त्याची बी अंगणात वाळत असते तेव्हाच परदेशी बीचे सौदे ठरत असतात आणि व्यापारी त्या दराकडे बोट दाखवून भाव पाडतो. कच्च्या बीवर २०१६ मध्ये ५ टक्के मूळ शुल्क बसले, ते २०१८ मध्ये २.५ टक्के झाले. ते वाढवावे, ही बागायतदारांची मागणी आहे.

कारखानदाराचा हिशेब वेगळा. आयात बी बंदरात किलोला १२० रुपयांनी पडली असे धरू. अडीच टक्के शुल्क आणि त्यावरचा अधिभार मिळून ३ रुपये ३० पैसे होतात. सुमारे चार किलो बीतून एक किलो गर निघतो, म्हणजे गराच्या किलोमागे १३ रुपये २० पैसे. हेच शुल्क २० टक्के केले तर गराच्या किलोमागे १०५ रुपये ६० पैसे होतील. निर्यातदाराला निर्यातीपुरती बी शुल्काशिवाय आणण्याची सवलत मिळू शकते. पण दिवसाला दोन-चार पोती फोडणारा कारखानदार त्या कागदपत्रांच्या वाटेला जात नाही.

तयार गराला मात्र भक्कम कुंपण आहे. २०१९ मध्ये त्यावरचे शुल्क ४५ वरून ७० टक्के झाले आणि त्याच वर्षी तुकड्याला किलोला ६८० आणि अख्ख्या गराला ७२० रुपये अशी किमान आयात किंमत ठरली, म्हणजे त्याहून कमी भावाचा माल आणायला बंदी झाली. रोख व्हिएतनामकडे होता. काजूगराच्या निर्यातीत तो देश जगात पहिला आहे. बीवर कमी आणि गरावर जास्त, अशा या रचनेत संरक्षण मिळते ते प्रक्रियेला. झाडाच्या मालकाला ते कारखान्यामार्फत झिरपून मिळावे अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते फारसे झिरपत नाही, निदान बागायतदार तसे सांगतात आणि हंगामातले भाव पाहता त्यांचे म्हणणे मोडून काढणे कठीण आहे. सीमाशुल्क केंद्राच्या हाती असल्याने राज्याने २०२४ च्या हंगामासाठी वेगळी वाट धरली आणि काजू बीला किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केले. त्याचा पैसा तिजोरीतून जातो, गिऱ्हाइकाच्या खिशातून थेट नाही, इतकाच दोन उपायांतला फरक.

सुपारी आणि खेळणी

सुपारीवर १०० टक्के शुल्क असून किमान आयात किंमत फेब्रुवारी २०२३ मध्ये किलोला २५१ वरून ३५१ रुपये झाली. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीसारख्या मालाला त्याने आधार मिळतो. पण दर इतके चढले की चोरवाटा काढणे परवडू लागते. भलत्याच मालाच्या नावाने आणलेली सुपारी न्हावा शेव्यात वेळोवेळी पकडली गेली आहे. एकेकाळी किनाऱ्यावर रात्री होणारे काम आता कंटेनरमध्ये, कागदोपत्री होते.

खेळण्यांवरचे शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना याचा थोडाफार लाभ झाला असेल, पण चिनी प्लास्टिकची गाडी आणि चितारआळीतला लाखकाम केलेला फळांचा संच ही एकाच गिऱ्हाइकाची खरेदी नव्हे. पहिली महाग झाली म्हणून दुसरी खपते असे नाही.

दुसऱ्या देशाचे शुल्क

शुल्क समोरच्यानेही लावले की कोकणाचा माल अडतो. अमेरिकेने २०२५ मध्ये एप्रिलपासून १० टक्के, ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून बहुतांश भारतीय मालावर एकूण ५० टक्के अतिरिक्त शुल्क लावले. हापूसचा हंगाम तोवर आटोपला होता. कोळंबीला मात्र थेट फटका बसला, कारण भारताच्या गोठवलेल्या कोळंबीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच आहे. या धंद्याचे केंद्र आंध्र प्रदेशात आहे. पालघर-रायगडच्या खाजणांतल्या तलावांत व्हेनामी जातीची कोळंबी वाढवणाऱ्याला भाव मिळतो तो त्याच बाजाराच्या चालीवर. अमेरिकेतल्या दुकानदारापुढेही पेच तोच: भाव वाढवावा, नफा सोडावा की पुरवठादार बदलावा. पुरवठादार बदलणे त्याला सोपे जाते, इक्वेडोरची कोळंबी तयार असते. इकडे तलावात सोडलेले बीज परत घेता येत नाही.

व्यापक परिणाम

शुल्क कच्च्या मालावर लागले तर देशी कारखानाही महागतो. म्हणूनच २०२५ च्या अर्थसंकल्पात गोठवलेल्या सुरिमीवरचे, म्हणजे माशांच्या लगद्यावरचे शुल्क, तिच्यापासून निर्यातीचे पदार्थ बनवणाऱ्यांसाठी, ३० वरून ५ टक्के केले गेले. रत्नागिरीच्या मत्स्यप्रक्रिया उद्योगाशी त्याचा संबंध आहे. पोलादाची गोष्ट उलटी. एप्रिल २०२५ मध्ये सपाट पोलादावर १२ टक्के तात्पुरते संरक्षक शुल्क लागले. रायगडमधल्या डोलवीच्या पोलाद कारखान्यासारख्या मोठ्या प्रकल्पाला ते सोयीचे, पण पत्रा विकत घेऊन काम करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला महागात पडणारे. आयातीवरचा कर अखेर निर्यातीवरही पडतो, हे अर्थशास्त्रज्ञ अब्बा लर्नर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. आयात घटली की परकीय चलनाची मागणी घटते, रुपया वधारतो आणि निर्यातदाराच्या हाती कमी रुपये पडतात; शिवाय महागलेल्या मजुरी-मालामुळे त्याचा खर्च वाढतो.

महसुलाची वाटणीही पाहण्यासारखी आहे. मूळ सीमाशुल्क केंद्र-राज्य वाटपाच्या निधीत जाते. उपकर आणि अधिभार जात नाहीत, ते केंद्राकडेच राहतात. म्हणून वाढ कोणत्या थरात झाली, याला राज्याच्या दृष्टीने महत्त्व आहे. आणि बंदरांचे उत्पन्न तर मालाच्या उलाढालीवर चालते. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे वर्षाला सुमारे २.३ कोटी कंटेनर क्षमतेच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. परिसरातल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. खाद्यतेलावरची मोठी शुल्कवाढ त्यानंतर पंधरा दिवसांत आली. आयात रोखण्याचे आणि आयातीसाठी धक्के बांधण्याचे धोरण एकाच किनाऱ्यावर एकाच वेळी चालू आहे.