रस्ता आधीपासूनच रंगीत होता

शहराच्या रंगीत छायाचित्रणाची गोष्ट निघाली की 1976 हे साल हमखास येतं. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मेंफिसच्या विल्यम एगलस्टनची 75 रंगीत छायाचित्रं लागली आणि समीक्षक खवळले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या हिल्टन क्रेमरने ती सपशेल सामान्य आणि सपशेल कंटाळवाणी ठरवली. पुढे याच प्रदर्शनाला रंगाच्या कलाप्रवेशाचा मुहूर्त म्हणायची पद्धत पडली. तारीख सोयीची आहे, पण खरी गोष्ट तिच्यात मावत नाही. शहरातले रस्ते रंगीत फिल्मवर त्याच्या किमान तीस वर्षं आधीपासून टिपले जात होते. ते फोटो डब्यांत आणि कपाटांत पडून होते, एवढंच. का पडून होते, याची काही कारणं रसायनात आहेत, काही पैशांत आणि बरीचशी लोकांच्या नाक मुरडण्यात.

आधी रसायन. ल्युमिए बंधूंची ऑटोक्रोम पट्टी 1907 साली बाजारात आली. काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे नारिंगी, हिरव्या आणि निळसर जांभळ्या रंगांत बुडवलेले बारीक कण पसरलेले, आणि त्यामागे प्रकाशाला संवेदनशील असा थर. या कणांच्या गाळणीत प्रकाश इतका अडायचा की लख्ख उन्हातसुद्धा एखाद सेकंद कॅमेरा हलवायची सोय नसे. आल्बेर कान या फ्रेंच बँकरने 1909 ते 1931 या काळात जगभर छायाचित्रकार पाठवून अशा सुमारे 72,000 पट्ट्या जमवल्या. त्यातला स्तेफान पासे 1913-14 मध्ये हिंदुस्थानात आला होता, मुंबईतही. पण एका सेकंदात शहरात काय काय होतं! इमारत टिकते, दुकानाची पाटी टिकते, कॅमेऱ्यासमोर मुद्दाम उभा केलेला माणूस टिकतो. चालता माणूस मात्र पुसट डाग होतो. रंग मिळाला तो वर्दळ गमावून.

वर्दळ हाताशी आली ती कोडाक्रोममुळे. ही फिल्म 1935 साली सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठी आणि 1936 पासून 35 मिमीच्या कॅमेऱ्यासाठी मिळू लागली. ती शोधणारे लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की हे दोघं पेशाने वादक, एक पियानोवाला, दुसरा व्हायोलिनवाला. या फिल्मची गंमत अशी की मुळात तिच्यात रंग नव्हताच. एकावर एक तीन कृष्णधवल थर असत आणि रोल धुताना एकेका थरात रंग भरला जाई. त्यामुळे रंग टिकाऊ निघाले, अंधारात नीट ठेवलेल्या जुन्या स्लाइड्स, म्हणजे दिव्याने पडद्यावर पाडून पाहायच्या फिल्मच्या चौकटी, अजून ताज्या दिसतात. पण धुण्याचं काम अवघड. कृष्णधवल रोल हौशी माणूस घरच्या न्हाणीघरात धुवायचा, कोडाक्रोमला मात्र खास प्रयोगशाळाच लागायची.

आणि वेग, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती चटकन दाद देते ते? एएसए या मापात सुरुवातीला जेमतेम 10. आजच्या फोनमध्ये हा आकडा सापडणारही नाही. जुन्या छायाचित्रकारांचा साधा ठोकताळा होता: भर उन्हात भिंगाचं तोंड एफ 16 वर (एफचा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं) आणि फिल्मच्या वेगाएवढ्या छेदाचा शटर. म्हणजे 10 च्या फिल्मला एफ 16 वर 1/10 सेकंद. माणूस चालता टिपायचा तर भिंग उघडून एफ 5.6 वर यायचं, तेव्हा 1/80 मिळे. आभाळ भरून आलं की तोच 1/80 मिळवायला थेट एफ 2 पर्यंत जावं लागे. एफ 2 वर भिंग एवढं उघडं असतं की जिथे फोकस केला तेवढाच पट्टा रेखीव आणि पुढचं-मागचं सगळं विरघळलेलं.

हे गणित डोक्यात ठेवून सॉल लायटरचे फोटो पाहावेत. पिट्सबर्गच्या एका रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा, हा मुलगा धर्मशिक्षण सोडून चित्रकार व्हायला 1946 साली न्यूयॉर्कला आला आणि दोनेक वर्षांत रंगीत फिल्म वापरू लागला. पुष्कळदा मुदत संपलेले स्वस्तातले रोल, ज्यांचे रंग आधीच थोडे कलंडलेले असायचे. तो बाहेर पडायचा तोही पावसात, बर्फात, संध्याकाळी, म्हणजे या मंद फिल्मला न सोसणाऱ्या वेळी. त्याच्या 1957 सालच्या 'थ्रू बोर्ड्स' या छायाचित्रात बहुतेक चौकट फळ्यांच्या काळोखाने भरली आहे. फळ्यांमधल्या आडव्या फटीतून जेवढा रस्ता दिसतो तेवढाच त्याने दाखवला. वाफ धरलेली काच, छत्रीचा लाल तुकडा, मध्येच आलेला कुणाचा तरी धूसर खांदा, ही त्याची नेहमीची सामग्री. या धूसरपणाला लोक त्याची काव्यमय दृष्टी म्हणतात, आणि ती होतीच. फ्रेंच चित्रकार बोनारची चित्रं आणि जपानी छापचित्रं त्याने मनापासून पाहिली होती. पण निम्मा धूसरपणा 10 एएसएच्या हट्टातून आला असणार, असं मला वाटतं. चांगला कलावंत अडचणीला शैली करून टाकतो.

लायटरच्या स्लाइड्स ईस्ट व्हिलेजमधल्या घरात खोक्यांत राहिल्या. 'अर्ली कलर' हे पुस्तक 2006 साली निघालं तेव्हा त्याने ऐंशी ओलांडली होती.

नाक मुरडण्याचा भाग आता. रंग म्हणजे जाहिरात, फॅशनची मासिकं, भेटकार्डं, आणि गंभीर माणसाचं काम कृष्णधवल, ही समजूत पक्की होती. आपल्याला हे समजायला न्यूयॉर्कला जायला नको: कित्येक वर्षं दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ तेवढं रंगीत असायचं आणि आतला 'वाचनीय' ऐवज काळापांढरा. वॉकर इव्हान्स या नामवंत अमेरिकन छायाचित्रकाराने तर 1969 साली रंगीत छायाचित्रण हे बटबटीत असतं असं लिहूनच टाकलं. चारेक वर्षांनी हाच इव्हान्स पोलरॉइडचा एसएक्स-70 घेऊन रस्त्यांवरच्या पाट्या आणि अक्षरं रंगांत टिपत हिंडत होता. वय झालेलं, हातात झटपट फोटो देणारा कॅमेरा, आणि तत्त्व गुंडाळलेलं! मला हा इव्हान्स जास्त आवडतो.

1976 चा मुहूर्त खोटा पाडणारी एक गोष्ट तर त्याच संग्रहालयातली. हेलन लेविटने 1959 आणि 1960 साली गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कच्या गल्ल्या रंगांत टिपल्या. 1970 मध्ये तिच्या घरी चोरी झाली आणि त्यातल्या बहुतेक स्लाइड्स गेल्या. ती पुन्हा कॅमेरा घेऊन त्याच गल्ल्यांत गेली. 1974 साली म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिच्या 40 स्लाइड्स पडद्यावर दाखवल्या, म्हणजे एगलस्टनच्या दोन वर्षं आधी. त्याहीपूर्वी 1962 मध्ये अर्न्स्ट हासचं रंगीत प्रदर्शन तिथेच झालं होतं. मग गाजावाजा एगलस्टनचाच का? लेविटच्या प्रतिमा दिवा लावला की दिसत आणि विझवला की जात. एगलस्टनने डाय ट्रान्स्फर ही जाहिरात छपाईतली महागडी पद्धत उचलली आणि भिंतीवर टांगता येतील असे गडद, रसरशीत प्रिंट केले. भिंतीवरच्या चित्रावर वाद घालता येतो.

छपाईचा खर्च किती निर्णायक होता हे व्हँकुव्हरच्या फ्रेड हर्झोगवरून कळतं. जर्मनीतून आलेला हा माणूस वैद्यकीय छायाचित्रकार म्हणून नोकरी करायचा आणि 1950 च्या दशकापासून फावल्या वेळात कोडाक्रोमवर निऑनच्या पाट्या, न्हाव्याची दुकानं, जुन्या गाड्या टिपायचा. स्लाइडच्या तोडीचा प्रिंट परवडण्याजोगा नव्हताच. स्कॅनर आणि इंकजेट आले तेव्हा कुठे त्याचं मोठं प्रदर्शन झालं, 2007 साली.

आपल्याकडे रंगाची वाट वेगळी होती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या काळातले छायाचित्रकार. पुढे स्टुडिओंत फोटोवर कुंचल्याने रंग चढवण्याची मोठी परंपरा उभी राहिली. शालूची जर, कपाळाचं कुंकू, मागचा महाल, सगळं रंगवलेलं. पण हा स्टुडिओतला रंग. रस्ता कृष्णधवलच राहिला. स्वातंत्र्यानंतर उटीला सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स निघाली आणि तिचा 'इंदू' हा कृष्णधवल रोल घरोघरी पोचला. परदेशी रंगीत फिल्म आयात निर्बंधांमुळे दुर्मिळ आणि महाग. लग्नाच्या अल्बमसाठी तोलून-मापून वापरायची चीज गल्लीतल्या हातगाडीवर कोण उधळणार?

ती उधळली रघुबीर सिंग यांनी. जन्म 1942, जयपूरचा. परदेशी नियतकालिकांची कामं मिळत गेल्याने फिल्मचा प्रश्न सुटला. गंगा, काश्मीर, बनारस अशा पुस्तकांनंतर 1994 साली त्यांचं मुंबईवरचं पुस्तक आलं. मुंबईत त्यांना सापडली ती काच. झवेरी बाजारातली दागिन्यांची शोरूम, दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे. काचेच्या आतलं सोनं आणि बाहेरची गर्दी एकाच चौकटीत, आणि आत कुठे संपलं, बाहेर कुठे सुरू झालं ते क्षणभर कळत नाही. त्यांचं म्हणणं असं की कृष्णधवल हा पाश्चात्त्यांच्या अपराधभावाचा आणि एकटेपणाचा रंग आहे, भारतीय माणूस रंगातच विचार करतो. फोटो अव्वल आहेत, दावा फुगवलेला. पिट्सबर्गच्या रब्बीचा मुलगा रंगात विचार करत नव्हता म्हणायचं का?

कोडाक्रोमचं उत्पादन 2009 साली बंद झालं. शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या अमेरिकन छायाचित्रकाराला मिळाला. त्यातल्या 36 फोटोंपैकी काही त्याने मुंबईत, हिंदी सिनेमातल्या कलाकारांवर खर्च केले. कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या प्रयोगशाळेने 2010 च्या डिसेंबरअखेर ही फिल्म धुवायला घेणं थांबवलं.

फिल्म गेली तरी शहराच्या रंगावर एक सत्ता उरतेच, ती दिव्यांची. मुंबईच्या रस्त्यांवर 1865 मध्ये गॅसचे दिवे लागले, मग वीज आली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोडियमचा पिवळा दिवा. त्याचा बहुतेक उजेड 589 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळ्यातच एकवटलेला. त्याखाली निळी ताडपत्री काळपट होते, लाल साडी तपकिरी. जो रंग प्रकाशातच नाही तो वस्तूवरून परत येत नाही, त्यामुळे नंतर संगणकावर कितीही कसरत केली तरी हाती फारसं लागत नाही.

2015 च्या सुरुवातीला मरीन ड्राइव्हवर पांढरे एलईडी बसवले आणि राणीच्या हाराची सोनेरी झाक गेली म्हणून राजकीय पक्षांपासून फिरायला येणाऱ्यांपर्यंत सगळे भांडले. पुढे पिवळसर छटेचे एलईडी आले. लांबून हार पूर्वीसारखा वाटतो. जवळून तसं नाही: सोडियममध्ये जवळजवळ नसलेले निळे-हिरवे-लाल पट्टे या एलईडीत कमी-अधिक प्रमाणात असतात, म्हणून कट्ट्यावर बसलेल्या माणसाचा निळा शर्ट आता निळाच दिसतो. 1990 च्या दशकातला आणि आजचा रात्रीचा फोटो शेजारी ठेवले तर पिवळा दोन्हीकडे आहे, बाकीचे रंग मात्र एकाच फोटोत आहेत. आणि ती पिवळी छटा तरी फोटोत उतरावी असं वाटत असेल, तर फोनमधला स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (उजेडाची छटा काढून पांढरं पांढरं दाखवणारी सोय) बंद करून तो 5,500 केल्विनच्या आसपास पक्का करावा लागतो. नाहीतर फोन आपल्या अकलेने ती जमेल तेवढी धुऊन टाकतो.