खासदारांची पेन्शन घटनाबाह्य आहे का?

‘घटनेत पेन्शन हा शब्दच नाही, त्यामुळे खासदारांची पेन्शन बेकायदा आहे, कुणी कोर्टात गेलं की बंद होईल,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे: पेन्शन हा शब्द घटनेत आहे, पण खासदारांच्या संदर्भात नाही. अनुच्छेद १०६ मध्ये फक्त ‘वेतन आणि भत्ते’ येतात आणि पेन्शन १९७६ साली, १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती करून आली. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

लोकं कोर्टात गेली होती! लखनौच्या ‘लोकप्रहरी’ संस्थेनं नेमका हाच मुद्दा मांडला. १६ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. चेलमेश्वर आणि न्या. कौल यांच्या खंडपीठानं याचिका फेटाळली. एखादी गोष्ट घटनेत लिहिलेली नाही म्हणजे तिला मनाई आहे असं होत नाही. खासदारांना काय द्यायचं हे संसदेनं कायद्यानं ठरवायचं. एक टर्म केलेल्या खासदाराला आयुष्यभर पेन्शन, हे मलाही खटकतं. पण खटकणं वेगळं, घटनाबाह्य असणं वेगळं. दाद मागायची ती कायदेमंडळाकडे. पंजाबनं २०२२ मध्ये कायदा बदलूनच, कितीही वेळा निवडून आलात तरी आमदाराला एकच पेन्शन, असं केलं.