स्टेरॉइड: घेतानाचा धोका आणि सोडतानाचा

कापूस वेचणीच्या दिवसांत विदर्भातल्या कुठल्याही बाजारगावी दवाखान्याबाहेर थोडा वेळ बसा, एक वाक्य हमखास कानावर पडेल: "सुई मारली का दोन दिवस गुडघे दुखतच नाई." वेचणीची मजुरी किलोवर असते. वाकता आलं नाही तर कापूस निघत नाही आणि पैसाही निघत नाही, म्हणून सुईचे पैसे फवारणीच्या खर्चासारखे आधीच धरलेले असतात. सुईबरोबर कागदाच्या पुडीत गोळ्या मिळतात. पाकिटातून कात्रीनं कापलेल्या, मागच्या चंदेरी कागदावर नावाची जेमतेम दोन-तीन अक्षरं उरलेल्या. त्यात अनेकदा एक बारीक पांढरी गोळी असते आणि खरा फरक तिचाच असतो. ती स्टेरॉइड असते, बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन.

मोबाईलवर अधूनमधून एक संदेश फिरत येतो: स्टेरॉइड म्हणजे विष, आजच बंद करा. हा लेख त्या संदेशामुळे लिहितो आहे. चिठ्ठीशिवाय, महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडनं शरीराची हानी होते, हे खरंच आहे. पण "आजच बंद करा" हा सल्ला पाळून माणूस दगावू शकतो. औषधानं केलेलं नुकसान औषध घेतानाच होतं, असा आपला समज असतो. इथं सर्वांत मोठा घात गोळी थांबल्यावर होतो, आणि तो का होतो हे शरीरातली एक अतिशय सुंदर यंत्रणा समजल्याशिवाय कळत नाही.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते, वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. ती कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक बनवते. रक्तातली साखर आणि रक्तदाब टिकवणं, ताप, जखम, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीराला तग धरायला लावणं, ही त्याची कामं. दाह शमवणं हेही त्याचंच काम. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका तरुण स्त्रीला याच कुळातलं कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. ते योग्यच होतं. आजही दमा, ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), मूत्रपिंडाचे काही विकार यांत स्टेरॉइडनं जीव वाचतात. २०२० मध्ये तर व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोननं सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले.

आता यंत्रणा पाहू. कॉर्टिसोल किती बनवायचं हे अ‍ॅड्रिनल स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो. त्यामुळे खालची पीयूषिका ग्रंथी एसीटीएच सोडते, आणि रक्तातून अ‍ॅड्रिनलपर्यंत पोचलेलं एसीटीएच तिला कामाला लावतं. तयार झालेलं कॉर्टिसोल परत मेंदूकडे जातं आणि वरच्या दोघांना सांगतं की आता पुरे. रक्तात एसीटीएच काही मिनिटांतच निम्मं होतं, म्हणून हा निरोप सतत पाठवावा लागतो. पहाटे त्याचा जोर वाढतो, सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल शिखरावर असतं आणि मध्यरात्री तळाला जातं.

बाहेरून कॉर्टिसोलसारखंच काम करणारं स्टेरॉइड आलं की वरच्या दोघांना ते आपलं की परकं हे ओळखता येत नाही. टाकीत टँकरचं पाणी ओतत राहिलं तर पाण्याच्या पातळीवर चालणारी विहिरीची मोटार सुरूच होत नाही, आणि महिनोन्‌महिने बंद राहून जाम होते, तसंच हे. वैद्यकात एक चाचणी आहे. निरोगी माणसाला रात्री अकराला डेक्सामेथासोनची फक्त एक मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी आठला रक्त तपासतात. एरवी त्या वेळी कॉर्टिसोल साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. या गोळीनंतर ते १.८ च्याही खाली जातं. एका रात्रीत! मला ही चाचणी फार आवडते, कारण ती मेंदूचा कारभार उघडा करून दाखवते.

आता हिशेब करा. शरीर दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसोल बनवतं. पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन २० मिलिग्रॅम कॉर्टिसोलइतकं काम करतं. दोन मिलिलिटरच्या कुपीत डेक्सामेथासोन असतं ८ मिलिग्रॅम. म्हणजे ती एक सुई म्हणजे शरीराचं किमान दहा दिवसांचं उत्पादन, एकाच वेळी दंडात.

एक-दोन दिवसांच्या गोळ्यांनी काही बिघडत नाही, मेंदू लगेच सावरतो. पण हे आठवड्यांमागून आठवडे चाललं, तर एसीटीएचविना अ‍ॅड्रिनल आक्रसते. तिच्या सालीत तीन थर असतात. सर्वांत बाहेरचा थर मीठ-पाण्याचा तोल राखणारं अल्डोस्टेरॉन बनवतो आणि तो मुख्यतः मूत्रपिंडाकडून येणाऱ्या रेनिनच्या साखळीवर चालतो, म्हणून तो वाचतो. मधला थर कॉर्टिसोलचा. तोच सुकतो, आणि त्याच्या आतला थरही. याचा एक वाईट परिणाम निदानावर होतो. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अ‍ॅड्रिनल निकामी होण्याचा जो आजार वर्णन केला, त्यात एसीटीएच प्रचंड वाढतं आणि त्वचा, हिरड्या, तळहाताच्या रेषा काळवंडतात. डॉक्टरला ती खूण दिसते. गोळ्यांनी झोपवलेल्या अ‍ॅड्रिनलमध्ये एसीटीएचच नसतं, त्यामुळे त्वचा काळवंडत नाही. आजार तसाच जीवघेणा, पण खूण नाही.

बाहेरून दिसतं ते उलटंच. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, भूक वाढते. घरचे म्हणतात, अंगानं सुधारली. मांड्या आणि दंड मात्र बारीक होत असतात, कातडीला हात लागला तरी निळे डाग पडतात. साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणं, दबलेला क्षयरोग उसळणं, मोतीबिंदू, ही यादी कुठंही मिळेल, म्हणून मी इथं वाढवत नाही.

मग एक दिवस पैसे संपतात, गोळ्या देणारा दवाखाना बंद होतो, किंवा तो संदेश वाचून मुलगा म्हणतो, आई, फेक ते. पहिले काही दिवस अंग दुखतं, थकवा येतो. त्यात ताप आला, जुलाब झाले किंवा अपघात झाला, की शरीराला एरवीच्या कितीतरी पट कॉर्टिसोल हवं असतं आणि ग्रंथी ते देऊ शकत नाही. उलट्या सुरू होतात, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, रक्तदाब कोसळतो, साखर आणि सोडियम उतरतात. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर असताना अशा बाईला बघून सगळे म्हणणार, ऊन लागलं. कांद्याचा रस चोळतील, सलाईन लावतील. सलाईननं थोडा वेळ बरं वाटतं, कारण पाणी आणि मीठ खरोखरच कमी पडलेलं असतं. पण हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसोल, दिल्याशिवाय ती पूर्ण सावरत नाही.

"शंभर टक्के देशी, साइड इफेक्ट नाही" म्हणून आठवडी बाजारात विकल्या जाणाऱ्या संधिवाताच्या पुड्यांचं मला इथं बोललंच पाहिजे. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइडची भेसळ तपासणीत अनेकदा सापडलेली आहे. जुनाट संधिवात तीन दिवसांत विरघळवणारी मुळी जंगलात उगवत नाही. इतक्या लवकर गुण आला तर आधी संशय घ्यावा. आणि या पुडीतला धोका दुहेरी आहे: आपण स्टेरॉइड घेतोय हेच माणसाला माहीत नसतं, त्यामुळे डॉक्टरनं विचारलं तरी तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो.

मग सोडायचं कसं? हळूहळू, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जितके जास्त महिने घेतलं, साधारण तितका जास्त वेळ उतरवायला. मात्रा उतरली की आधी पीयूषिका जागी होते, एसीटीएच वाढतं, आणि अ‍ॅड्रिनल त्यामागून काही महिन्यांनी सावरते. कधी वर्षही लागतं. मधल्या काळात सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासून अंदाज घेता येतो. तोवर ताप आला तर मात्रा तात्पुरती दुप्पट करायची का, हे आधीच विचारून ठेवावं. दात काढायचा असो की गर्भाशयाचं ऑपरेशन, डॉक्टरांना आधीच सांगावं की मागच्या वर्षभरात गुडघ्यासाठी सुया आणि पुड्या घेतल्या आहेत. गोळीचं नाव माहीत नसेल तर कात्रीनं कापलेला तो चंदेरी तुकडा आणि पुडीचा कागद बरोबर न्यावा. उलट्या थांबत नाहीत आणि रक्तदाब लागत नाही अशी अवस्था असेल, तर तपासणीच्या कागदाची वाट न पाहता शिरेतून १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं, असा उपचार ठरलेला आहे.